पोटखराबा

खराडीला आटपाट नगर म्हणण्याचे दिवस गेले. नदीच्या अंगाला ईऑन आयटी पार्क उभं राहिलं, वर्ल्ड ट्रेड सेंटर आलं, आणि जिथे बांध कोरण्यावरून भावाभावांत डोकी फुटायची तिथे आता पार्किंगच्या पांढऱ्या पट्ट्यांवरून व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपात भांडणं होतात. पण जमीन आहे तोवर मोजणी आहे, आणि मोजणी आहे तोवर अण्णांचं ऑफिस आहे. जुन्या गावठाणात, हार्डवेअरच्या दुकानावर, एक जुनं बिऱ्हाड भाड्याने घेऊन ते थाटलेलं.

अण्णा इथलेच. शेत गेलं, पैसा आला, चुलतभावांनी बंगले बांधले आणि अण्णांनी मोजणीचं यंत्र, टोटल स्टेशन, घेतलं. बिल्डरांना आणि आर्किटेक्टना प्लॉटची मोजणी, कंटूर, लेआउट करून द्यायचं हा धंदा. सरकारी मोजणीची 'क' प्रत हातात घेऊन ते बांधावर उभे राहिले की हद्दीचा कुठला दगड रात्रीतून सरकला आहे ते त्यांना कुणी सांगावं लागत नसे. मी त्यांचे जीएसटीचे आणि इन्कम टॅक्सचे कागद बघतो, म्हणून त्या ऑफिसात माझं जाणं-येणं.

बिऱ्हाडाच्या स्वयंपाकघरातला ओटा तसाच ठेवला होता आणि शेगडीच्या जागी सर्व्हर बसवला होता. मायक्रोसॉफ्टने छोट्या ऑफिसांसाठी काढलेला स्मॉल बिझनेस सर्व्हर २०११. ती मालिका त्यानंतर बंदच झाली, आणि ज्या विंडोज सर्व्हर २००८ आर२ वर तो उभा होता त्याचे नेहमीचे अपडेटही १४ जानेवारी २०२० ला थांबले. अण्णा म्हणायचे, "म्हातारं झालंय, पण बसून खात नाही." नवीन घ्यायचा विषय निघाला की ते हेच म्हणायचे, आणि विषय तिथेच मिटायचा.

नुसते नकाशे होते तोवर त्या म्हाताऱ्याचं बरं चाललं होतं. मग ड्रोन आला. एका साइटवर ड्रोन उडवला की हजारो फोटो, त्यातून बनणारे पृष्ठभागाचे नकाशे, त्यांच्या फुगलेल्या फाइली. वर्षभरात डिस्क काठोकाठ भरल्या.

तेव्हा ऑफिसात कॉम्प्युटरचं बघायला एक तरतरीत पोरगा होता. त्याने मोठ्या डिस्क आणल्या, सलग एक मोठा व्हॉल्यूम केला आणि रात्री बॅकअप लावला, तर बॅकअपने हात वर केले. त्या सर्व्हरमधली बॅकअपची सोय व्हॉल्यूमची प्रतिमा व्हीएचडी नावाच्या फाइलीत साठवते, आणि ती फाइल २०४० जीबीच्या वर वाढत नाही. म्हणजे २ टीबीपेक्षा मोठा व्हॉल्यूम तिला पेलत नाही. पुढच्या विंडोज सर्व्हर २०१२ मध्ये ही मर्यादा ६४ टीबीवर गेली, पण अण्णांचं म्हातारं त्या आधीचं. पोराने मोठा व्हॉल्यूम मोडून दोन केले. 'डी' वर जुने नकाशे आणि हिशेबाचं टॅली, 'ई' वर ड्रोनचा डेटा आणि चालू कामं. आता आकार आटोक्यात आला, पण बॅकअपची यूएसबी डिस्क दोघांना पुरेना. 'ई' साठी दुसरं वेळापत्रक लावायला गेला तर कळलं की तिथे वेळापत्रक एकच लावता येतं.

पोरगा हटणारा नव्हता. त्याने 'ई' मधल्या चालू कामांसाठी एक छोटी बॅच फाइल लिहिली, टास्क शेड्यूलरमध्ये ती रात्री एक वाजता लावली आणि बॅकअप नेटवर्कवरच्या नॅसच्या पेटीत टाकला. तिथे आणखी एक काटा निघाला. नेटवर्कवरच्या फोल्डरात ही सोय एकच प्रत ठेवते. आजची आली की कालची गेली. दुपारी कुणी चुकून नकाशा बिघडवून सेव्ह केला, तर रात्री तो बिघडलेला नकाशाच चांगल्याच्या उरावर बसणार. मग पोराने सात वारांची सात फोल्डरं केली. सोमवारची प्रत सोमवारात, मंगळवारची मंगळवारात. कुठल्याही क्षणी मागचे सात दिवस हाताशी. हे त्याने रात्र-रात्र बसून, चहावर चहा पिऊन केलं. फुकटात केलेलं ते काम अतिशय सुबक होतं, आणि ज्याला त्यातलं कळतं त्याने बघून मान डोलवावी असं होतं. अण्णांना त्यातलं कळत नव्हतं. त्यांना रोज सकाळी सर्व्हरच्या स्क्रीनवर बॅकअपपुढची हिरवी टिक दिसायची, आणि तेवढं त्यांना पुरायचं.

पोराला ईऑनमध्ये नोकरी लागली. अण्णांनी पेढे वाटले. निघताना विचारलं, "सगळं चालू आहे ना रे?" तो म्हणाला, "हो अण्णा, सगळं चालू आहे." ते खरंच होतं.

पुढच्याच महिन्यात सर्व्हरच्या देखभालीचं कंत्राट असलेला एएमसीवाला आला. गेलेल्या माणसाचं लॉगिन उघडं ठेवू नये, असा त्याचा नियम, आणि नियम योग्यच आहे. त्याने पोराचं लॉगिन बंद केलं. रात्री एक वाजताचं ते काम पोराच्याच लॉगिनवर चालत होतं. त्या रात्री ते चाललं नाही, आणि त्यानंतर कधीच चाललं नाही. कुठे घंटा वाजली नाही, लाल खूण आली नाही. सर्व्हरची हिरवी टिक सर्व्हरच्या स्वतःच्या बॅकअपची होती. 'सी' आणि 'डी' यूएसबीवर रोज जात होते, म्हणून ती रोज उगवत होती. 'ई' तिच्या खिजगणतीतच नव्हता.

आता ताईंबद्दल. ताई म्हणजे ऑफिसातल्या ड्राफ्ट्समन. बाई असल्या तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. राहायला वाघोलीला. पुण्यात गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट जाते, हे ज्याला माहीत नाही तो पुण्याचा नाही. गावठाणात लाईट गेली की ऑफिस दुपारपर्यंत आंधळं. ताईंच्या सोसायटीत जनरेटर. म्हणून बुधवारी संध्याकाळी त्या आठवड्याचं काम ५०० जीबीच्या एका पोर्टेबल डिस्कमध्ये भरायच्या, डिस्क शबनममध्ये टाकायच्या आणि गुरुवारी घरी बसून नकाशे काढायच्या. बॅकअप वगैरे त्यांच्या डोक्यात नव्हता. डिस्क लहान, काम मोठं. सगळं मावायचं नाही. काय घ्यायचं, काय सोडायचं हे दर बुधवारी ठरवावं लागे, आणि गुरुवारी दुसऱ्या कुणाचा "ताई, अमुक फाइल पाठवा" असा फोन आला की आपल्याकडे ती आहे की नाही हे चटकन सांगता यावं, म्हणून त्या एका दोनशे पानी वहीत नोंद करायच्या. मी ती वही पाहिली आहे. फूटपट्टीने आखलेले तीन रकाने: तारीख, घेतलं, राहिलं. 'घेतलं' खाली 'केसनंद कंटूर, शेवटचा' किंवा 'लोहगाव लेआउट, रस्ता बदलून'. 'राहिलं' खाली 'केसनंद ड्रोनचे मूळ फोटो, जागा नाही' किंवा 'मांजरी, सगळंच. या आठवड्यात लागणार नाही'. अक्षर ड्राफ्ट्समनचं, सुटं आणि सरळ. ऑफिसातली पोरं त्या वहीला हसायची. घेतलेलं लिहितात हे ठीक, न घेतलेलं कशाला लिहायचं?

मे महिन्यातल्या एका गुरुवारी लाईट गेली, आली, पुन्हा गेली आणि आली. यूपीएसच्या बॅटऱ्या कधीच मेल्या होत्या. सर्व्हरच्या तीन डिस्कपैकी एक गेली तरी काम चालू राहावं अशी मांडणी होती, पण एक डिस्क आधीच गेलेली होती. तिचा दिवा भिंतीच्या बाजूला लुकलुकत होता आणि ओट्यामागे वाकून बघणार कोण? त्या गुरुवारी दुसरी गेली. दुपारी ऑफिस उघडलं तेव्हा म्हातारं उठलंच नाही.

पहिले दोन दिवस कुणी फारसं घाबरलं नाही. हिरवी टिक होती ना! नव्या डिस्क बसवल्या, यूएसबीवरून सर्व्हर उभा केला, 'डी' परत आला. टॅली आलं, जुने नकाशे आले. मग एएमसीवाल्याने 'ई' साठी नॅसची पेटी उघडली. सात वारांची सातही फोल्डरं जागेवर होती, आणि सातांवर एकाच आठवड्याच्या तारखा होत्या. मागच्या पावसाळ्यातल्या.

कायद्यानं तरी धाक घातला असता का? ऑगस्ट २०२२ मध्ये कंपन्यांच्या हिशेब-नियमांत दुरुस्ती झाली, तेव्हापासून कंपन्यांना हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप रोज भारतातल्या सर्व्हरवर ठेवावा लागतो. अण्णांची प्रोप्रायटरशिप, त्यामुळे त्यांना तो नियम लागू नाही. आणि लागू असता तरी तो हिशेबाचं बघतो, नकाशांचं नाही. हिशेब तर शाबूत होता.

शनिवारी सकाळी ताईंनी डिस्क आणि वही टेबलावर ठेवली. डिस्कवरून सात-आठ चालू कामं सावरली. पण त्या दिवशी डिस्कपेक्षा जास्त कामाला आली ती वही. 'राहिलं'चा रकाना वर-खाली वाचत दुपारपर्यंत अण्णांनी काय गेलं आहे याची यादी केली, आणि संध्याकाळी एकेका पार्टीला स्वतः फोन केला. "तुमचं मांजरीचं काम आमच्याकडून गेलंय. पुन्हा मोजून देतो, पैसे घेणार नाही." ज्यांचं गेलं त्यांना महिन्याभराने, ऐन मंजुरीच्या वेळी कळलं नाही; त्याच दिवशी कळलं. दोघांनी शिव्या दिल्या. एकाने काम काढून घेतलं. बाकीचे थांबले.

सगळंच काही पुन्हा मोजून भागणारं नव्हतं. केसनंदच्या साइटवर खोदाई सुरू झाली होती. खोदाईआधीच्या जमिनीची उंची आणि नंतरची उंची यांच्यातल्या फरकावर मातीचं बिल ठरतं. ताईंच्या डिस्कवर कंटूर होता, पण तो ज्या फोटोंवरून काढला ते मूळ फोटो 'राहिलं'मध्ये. कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "कंटूर तुम्ही नंतर काढला नाहीत कशावरून?" जमीन तर उकरून झालेली, ड्रोन पुन्हा उडवून काय दिसणार, खड्डा? अण्णांनी तडजोड केली आणि फरक स्वतःच्या खिशातून भरला. आकडा मला माहीत आहे, कारण तो मीच वहीखात्यात घातला. इथे सांगत नाही.

रविवारी पोरगा आला. कुणी बोलावलं नव्हतं; कानावर गेलं म्हणून आला. टास्क शेड्यूलर उघडला, शेवटच्या नोंदीत लॉगिन बंद असल्याचा शेरा वाचला आणि गप्प बसला.

अण्णा म्हणाले, "अरे, तू तर म्हणालास सगळं चालू आहे."

"तुम्ही विचारलंत तेव्हा चालू होतं, अण्णा."

"मग बंद कशानं पडलं?"

"माझ्या जाण्यानं."

"कागदावर तरी लिहून ठेवायचंस."

पोराने थोडा विचार केला. "लिहिलं असतं तरी काय लिहिलं असतं? 'बॅकअप रोज रात्री होतो.' एवढंच. तो कशाचा होत नाही, कशावर अडून आहे, हे मला कुणी विचारलं नाही, आणि मीही ते बघितलं नाही. माझं लक्ष ते कसं जमवलं यावरच होतं."

अण्णा उठले. कपाटातून कुठल्याशा गटाचा सातबारा काढला आणि पोरासमोर धरला. "हे वाच. लागवडीखालचं क्षेत्र इतकं. आणि हे?"

"पोटखराबा."

"ओढा, खडक, वहिवाटीची वाट. जमिनीत आहे, पण पिकाला नाही. विकणारा हे कधी आपणहून सांगणार नाही, पण उताऱ्यावर ते लिहिलेलं असतं म्हणून घेणारा फसत नाही. तुझ्या त्या हिरव्या टिकच्या उताऱ्यावर पोटखराबाच नव्हता बघ. आम्ही सगळं पिकतंय असं धरून चाललो. आणि या बाईनं" – ताईंकडे बोट करून – "बिनकामाचा म्हणून आपण हसलो तो रकाना आखून ठेवला होता."

ताई म्हणाल्या, "अण्णा, मी काही शहाणपणानं केलं नव्हतं. माझी डिस्क लहान होती."

मला या उत्तराचं फार अप्रूप वाटलं, कारण असंच काहीसं एका फार मोठ्या कंपनीच्या बाबतीत घडलेलं आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा व्हायरस जगभर पसरला आणि मर्स्क या डॅनिश जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली. त्याच समूहाचं आपल्या न्हावा शेवाच्या बंदरातलं टर्मिनलही त्यात सापडलं. नेटवर्कमध्ये कोण कोण आहे आणि कुणाला काय उघडता येतं याचा सगळा नकाशा मर्स्कच्या सुमारे दीडशे सर्व्हरांवर होता, आणि हे सर्व्हर एकमेकांचे बॅकअप होते. एक गेला तर बाकीचे आहेत, असा हिशेब. सगळे एकदम जाऊ शकतात, हे त्या हिशेबात कुठेच लिहिलेलं नव्हतं. ते सगळे एकदम गेले. वाचला तो आफ्रिकेतल्या घानाचा एक, कारण तिथे नेमकी तेव्हा लाईट गेली होती आणि तो नेटवर्कवर नव्हता. पुढची कथा 'वायर्ड' मासिकाने २०१८ साली छापली. घानाच्या माणसाकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता, म्हणून त्याने ती हार्ड डिस्क विमानाने नायजेरियात नेली, तिथे दुसऱ्याच्या हाती सोपवली आणि तो ती घेऊन लंडनला उतरला. जगातल्या बड्या जहाज कंपनीचं पुन्हा उभं राहणं एका गेलेल्या लाईटवर आणि हातोहात नेलेल्या एका हार्ड डिस्कवर ठरलं. आमच्या महावितरणला नावं ठेवताना मला हे अधूनमधून आठवतं. तरी नावं ठेवतोच.

पोरगा मग दर रविवारी येऊ लागला. नवा सर्व्हर आला. म्हाताऱ्याला शेवटी ओट्यावरून उतरवलं. पोराने रात्रीची कामं कुणा माणसाच्या नावावर न ठेवता त्यांच्यासाठी वेगळं खातं केलं. दोन डिस्क आलटून-पालटून घरी जायच्या असं ठरलं: एक ताईंकडे, एक अण्णांकडे. अण्णांच्या घरच्या डिस्कवरून वाद झाला, कारण अण्णांचं घर ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर. नदीचं पाणी चढलं तर दोन्ही एकदमच जायचं, म्हणून ती डिस्क त्यांच्या मुलीकडे, मुंढव्याला, गेली. मुंढवाही नदीकाठीच आहे हे मी म्हटलं. ताईंनी वहीत लिहून घेतलं. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी ताई मनाला येईल ती एक फाइल निवडतात आणि पोराला ती बॅकअपमधून काढून दाखवावी लागते. कुठली निवडणार हे त्याला आधी कळत नाही. एकदा मांजरीची एक जुनी फाइल उघडली नाही. वही उघडली, रकान्यात नोंद झाली, आणि रविवारी तेवढंच काम झालं.

पुढच्या मार्चमध्ये ऑफिसात क्लाउड बॅकअप विकणारा एक जण आला. ३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन आहे, २०११ पासून पाळतात, त्या निमित्ताने सवलत आहे म्हणाला. तो दिवस ज्याने निवडला त्याने मार्च एंडला भारतातलं एकही ऑफिस पाहिलेलं नसणार. माझ्यासमोर त्या वेळी टॅलीच्या तीन कंपन्या उघड्या होत्या. विकणाऱ्याने लॅपटॉप उघडला आणि हिरव्या टिकांनी भरलेला एक सुंदर स्क्रीन दाखवला. सगळं आपोआप, सगळं सुरक्षित.

अण्णांनी चहा मागवला आणि विचारलं, "यात राहतं काय?"

"म्हणजे, सर?"

"घेतं ते कळलं. राहतं काय?"

"सर, यात सगळंच येतं."

"मग उद्या या."

तो गेला. दुसऱ्या दिवशी आला नाही. तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाज जरा उतरलेला होता. म्हणाला, "सर, मी आमच्या टेक्निकलवाल्यांना विचारलं. नकाशाची फाइल कुणी उघडून बसलं असेल तर ती त्या वेळी जात नाही, नंतर जाते. पुसलेली फाइल तीस दिवसच राहते. आणि पैसे भरायचे राहिले तर सगळंच थांबतं, तेव्हा मेल कुणाच्या पत्त्यावर जाईल ते तुम्हाला ठरवावं लागेल. एवढं सापडलं. आणखी असेल तर बघून कळवतो."

अण्णांनी फोन स्पीकरवर टाकला होता. ताईंनी तिन्ही गोष्टी 'राहिलं'खाली उतरवून घेतल्या, चौथ्यासाठी एक ओळ मोकळी सोडली आणि मान हलवली. अण्णा म्हणाले, "कोटेशन पाठवा. सोमवारी ऑर्डर देतो."